आठव्या ओळीतला दिवा

"आमची मुलगी दिवे लावते, आणि त्याचा तिला पगारही मिळतो," असं तिचे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. ऐकणारा आधी हसायचा, मग तिच्याकडे बघून गप्प व्हायचा, आणि मग बाबा खुशीत येऊन खुलासा करायचे. घरी वापरायचं ऑक्सिजनचं मशीन बनवणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. मशीनवर वाटाण्याएवढा एक दिवा असतो. तो कधी, कोणत्या रंगाचा आणि कसा लुकलुकायचा हे ठरवणं, एवढंच तिचं काम. ऑफिसात तिला सगळे दिवेवालीच म्हणत.

त्या "एवढंच"चा तिला राग यायचा, आणि तो रास्त होता. लोकांना वाटतं, दिव्यात काय आहे, लागला तर लागला, विझला तर विझला. पण आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या मशीनला तोंड नसतं. त्याला जे सांगायचं ते त्या एका ठिपक्यातून. भराभर लुकलुकला तर घरचे घाबरून नळीच उपटतात. फार सावकाश लुकलुकला तर कोणी ढुंकूनही बघत नाही. हवा कमी पडत असल्याचा इशारा ठरवायला तिने तीन आठवडे घेतले होते. जिना झाडणाऱ्या मावशी, कॅन्टीनवाला, साहेबांच्या सासूबाई, जो सापडेल त्याला मशीनसमोर बसवून ती एकच प्रश्न विचारायची, "हे काय म्हणतंय?" सासूबाई बराच वेळ निरखून म्हणाल्या, "ह्याला बाथरूमला जायचंय." तो नमुना तिने त्याच दिवशी बाद केला.

सगळे नमुने एका तक्त्यात भरलेले असत. तक्त्याला ओळी आठ, कारण आतली चिप आठाच्याच हिशेबाने चालते, तुमच्या-आमच्या गरजेशी तिला घेणं नाही. मशीनला सांगण्यासारख्या गोष्टी मात्र सातच निघाल्या. सगळं ठीक आहे, ही पहिली. मग सुरू होतंय, जाळी साफ करा, नळी निघाली, वीज गेली, हवा कमी पडतेय, आणि सातवी, दुरुस्तीला पाठवा. आठव्या ओळीपुढे नुसतं 'राखीव' असं लिहिलेलं होतं.

"ती रिकामीच सोड," कंसमामा म्हणाला. कंसमामा म्हणजे मशीनचा प्रोग्राम लिहिणारा. दुसऱ्याच्या कामात एखादा कंस उघडा राहिला की हा मजला डोक्यावर घ्यायचा, म्हणून हे नाव. मनाने मात्र तो गरीब माणूस होता. "अगं, मशीन आठव्या ओळीकडे कधी फिरकणारच नाही. मी तसं लिहिलंच नाहीये."

पण रिकाम्या ओळीत शून्य असतं, आणि शून्य म्हणजे विझलेला दिवा. मशीन चालू आणि दिवा विझलेला, हे तिला सहन होईना. उशाशी बसलेल्याने असं मुकं राहायचं नसतं, असं तिचं ठाम मत होतं. शुक्रवार होता, तक्ता पुढे द्यायचा होता. तिने हाताला आलं ते भरून टाकलं. दोन छोटे, एक लांब, मग थोडं थांबणं. रंग हिरवा नको, लाल नको, नारिंगीही नको, ते तर वापरून झाले होते. जुन्या बल्बचा असायचा तसला मळकट पिवळा तिने जुळवला आणि ती घरी गेली.

त्यालाही आता पाच महिने झाले होते. अकराशे मशीनं घरोघरी पोचली होती. त्यातलं एक तिच्याच घरी होतं, बाबांच्या खोलीत.

एका मंगळवारी सकाळी दुरुस्तीवाला तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हा माणूस स्कूटरवरून शहरभर फिरून मशीनं तपासायचा, नाकासमोर चालणारा, कमी बोलणारा. त्याने खिशातून वही काढली.

"ताई, तो पिवळा दिवा कसला? पुस्तिकेत नाही."

"पिवळा नाहीच आहे. नारिंगी असेल."

"नारिंगी मला कळतो की. हा पिवळा. असा." त्याने बोटाने टेबलावर वाजवून दाखवलं. टक, टक, आणि मग बोट तसंच दाबून धरलं.

तिने कंसमामाला बोलावलं. पाच घरांतून ही तक्रार आली होती. मशीन आपल्या पोटात सगळी नोंद ठेवतं, केव्हा कोणती ओळ लागली, मिनिटासकट. कंसमामाने पाचही नोंदी उघडल्या. एक, एक, एक, एक. पानंच्या पानं पहिलीच ओळ. मशीनच्या मते सगळं ठीक होतं.

"शक्यच नाही," कंसमामा म्हणाला. "आठव्या ओळीला हाक मारणारं ह्यात काहीच नाही. तुम्ही चुकीचं पाहिलंत."

"पाच घरचे लोक चुकीचं बघतील होय?" दुरुस्तीवाल्याने वही मिटली, पण तो हलला नाही. "अजून एक आहे. सांगू की नको, असं चाललंय माझं."

"सांगा."

"पाचही पेशंट गेले. दिवा दिसल्यापासून तिसऱ्या दिवशी. पाचही."

आजारी माणसांचीच मशीनं ती, माणसं जाणारच, असं कंसमामा काहीतरी पुटपुटला. दुरुस्तीवाला त्याच्याकडे न बघता तिच्याशीच बोलत राहिला. "घाबरून नाही गेले, ताई. तेच तर चमत्कारिक आहे. एक आजी होत्या, त्यांनी सुनेकडून वेणी घालून घेतली. एका काकांनी नखं कापली, धुतलेला शर्ट मागितला. एक जण तर बूट घालून पलंगावर बसून राहिला. घरचे म्हणतात, कुठेतरी जेवायला बोलावलंय असा चेहरा होता."

शेवटी कंसमामाने लॅपटॉप पुढे ओढला. आठवी ओळ पुसून शून्य करायची आणि नवा प्रोग्राम सगळ्या मशीनना इंटरनेटवरून पाठवायचा, एवढंच करता येण्यासारखं होतं. तपासणी धरून शुक्रवार उजाडला असता. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. तिने तपासणीची केबल पर्समध्ये टाकली, डोकं दुखतंय असं खोटंच सांगितलं आणि चार वाजता घर गाठलं.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. नाकाशी नळी, अंगात इस्त्रीचा शर्ट. दाढी केलेली होती, आणि ती त्यांनी स्वतःच केली असणार, कारण हनुवटीवर कापलं होतं. महिनाभर त्यांना वस्तरा उचलवत नव्हता. शेजारी मशीन घुमत होतं, आणि त्याच्या कपाळावर मळकट पिवळा दिवा होता. दोन छोटे, एक लांब. मग थांबणं.

ती पर्स खांद्याला तशीच ठेवून दारातच थांबली.

"अगं, आलीस? बघ, बघ," बाबा लहान मुलासारखे म्हणाले. "ओळखलंस का?"

आणि तिने ओळखलं. ऑफिसात पाच महिने जे कळलं नव्हतं ते त्या खोलीत, त्या खुर्चीपाशी, एका क्षणात कळलं.

बाबा बस चालवायचे. त्यांचा डेपो घराच्या समोरच होता, आणि डेपोला लागून पोरांनी खेळायचं मोकळं मैदान. पाळी संपली तरी बाबा तिथेच गप्पा ठोकत बसायचे आणि ही मैदानात. तिसऱ्या मजल्यावरून हाका मारून आईचा घसा बसायचा. मग आईने युक्ती काढली. जेवण तयार झालं की स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण दोनदा पटपट आणि एकदा लांब दाबायचं, मग जरा थांबून पुन्हा. घरी या. त्या बल्बचा रंग धुराने तसलाच मळकट झाला होता. दिवा दिसला की बाबा डेपोच्या फाटकातून "आलो गं!" असं ओरडायचे, मैदानातून हिचा हात धरायचे आणि दोघं घाईघाईने जिना चढायचे. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. हिच्या बोटांनी तिचीच हाक त्या रिकाम्या ओळीत भरली होती, आणि हिला पत्ताही नव्हता.

"रविवारपासून लावतेय," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, थांब जरा, पोरीला भेटून तरी येतो."

तिने पुढचं ऐकलं नाही. केबल काढली, मशीनला जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला. घाईत आकडे दोनदा चुकले. आठवी ओळ. शून्य, शून्य, शून्य. तिने पाठवलं. पिवळा दिवा मधल्या मधे, लांब असतानाच विझला. क्षणभर काहीच नव्हतं. मग हिरवा लागला.

"का विझवलास?" बाबांनी विचारलं. ती फक्त त्यांचा हात घट्ट धरून बसली.

बुधवार गेला. गुरुवारी बाबा जिवंत होते. शुक्रवारी अकराशे मशीनना नवा प्रोग्राम गेला आणि बाबा अजून जिवंत होते. ती देवाला न मानणारी बाई, पण त्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून ती मनसोक्त रडली. पिवळ्याची तक्रार पुन्हा आली नाही. कंसमामाने सगळ्यांना चहा पाजला.

पंधरा दिवसांनी बाबांनी जेवणं सोडलं. भूक नाही म्हणाले. झोपही सोडली. सकाळी ती उठायची तेव्हा ते खोलीच्या दाराशी चपला घालून उभे असायचे, नळी ताणेल तिथपर्यंत.

"कुठे निघालात, बाबा?"

"तेच आठवत नाहीये," ते म्हणायचे. "कुठे गं जायचं होतं मला?"

ती त्यांना खुर्चीत आणून बसवायची. थोड्या वेळाने ते पुन्हा दाराशी. आयुष्यभर ज्या माणसाने बस एक मिनिटही उशिरा काढली नाही, त्याला आता आपला रस्ताच सापडत नव्हता. त्यांचे हात थंड पडले होते. मशीनवरचा हिरवा दिवा मधूनच पाच-दहा मिनिटं विझायचा, आणि तेवढा वेळ बाबा त्याच्याकडे टक लावून बघायचे, अंधाऱ्या फलाटावर गाडीची पाटी वाचायचा प्रयत्न करावा तसे.

तिने बोटाला लावायचा चिमटा त्यांच्या बोटाला लावला. रक्तातली हवा मोजणारा तो चिमटा. नव्वदच्या वर असेल तर ठीक. आकडा आला एकेचाळीस. तिला वाटलं चिमटा बिघडला, म्हणून स्वतःला लावला, तर अठ्ठ्याण्णव. बाबांना पुन्हा लावला. एकेचाळीस, आणि नाडीच्या जागी नुसत्या दोन रेघा. डॉक्टर आले, तपासलं, आपला चिमटा काढून पाहिला, मग बाहेरच्या खोलीत येऊन बराच वेळ पाणी पीत राहिले. "हा जिवंत माणसाचा आकडा नाही," ते म्हणाले. आतून बाबांचा आवाज येत होता, "अगं, दिवा लाव ना. दिसत नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला तिच्या टेबलापाशी आला. ह्या वेळी त्याने वही काढलीच नाही.

"तुमच्याकडे पण?" त्याने तिचा चेहरा बघून विचारलं.

तिने मान हलवली.

"एकोणीस घरं झाली. मशीन चालू, दिवा मधेच विझतो, आणि माणूस... जात नाही. दाराशी उभा राहतो. एक आजी चार दिवस उंबऱ्यावर बसून आहेत, सारख्या विचारतात, मला कोणी हाक मारली का? अंग बर्फासारखं. घरचे त्यांच्या खोलीत जायला घाबरतात, ताई. पोटची मुलं घाबरतात." तो तिथेच खुर्चीत बसला. ऑफिसात तो कधी बसत नसे. "पहिले पाच गेले ते बरे गेले असं म्हणायची वेळ आली."

कंसमामा सगळं ऐकत होता. शून्य आपण केलं, हे त्याला सांगावं लागलं नाही. दुरुस्तीवाला गेल्यावर त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"ओळ परत भरू. आज दुपारीच पाठवतो सगळीकडे." मग तो अडखळला. "तुझ्या बाबांचं मशीन मी यादीतून वगळू शकतो. एक नंबर काढायचा. कोणाला कळणारही नाही."

खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. एकेचाळीस तर एकेचाळीस. थंड तर थंड. खुर्चीत बाबा असले की झालं, घरी गेल्यावर "आलीस?" असं विचारणारं कोणीतरी असलं की झालं. असा विचार तिने पुरती दहा मिनिटं केला. त्याची लाज तिला पुढे जन्मभर वाटली, पण केला हे खरं.

मग तिला तो आवाज आठवला, दिसत नाहीये म्हणणारा. हाकेसाठी ताटकळलेल्या माणसाला आपण हाताने अंधारात उभं केलंय, आणि त्याला माया म्हणतोय.

"वगळू नकोस," ती म्हणाली. "पण बाबांचं मी स्वतः करते. आधी. मी फोन केला की बाकीचं पाठव."

ती घरी पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. भरपूर ऊन होतं, खालून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. बाबा दाराशी उभे होते. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, केस विंचरले, कॉलर सरळ केली. त्यांनी मुकाट्याने करू दिलं. तिला खूप बोलायचं होतं. आईच्या मागे त्यांनी तिला वाढवलं असं काही नव्हतं, ती तेव्हा मोठीच होती, पण आईच्या मागे त्यांनी तिला एकटं पडू दिलं नव्हतं, आणि हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तिने ते सांगितलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले, पण ते ऐकत होते की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

तिने केबल जोडली. आठवी ओळ. आकडे बघून लिहायची गरजच पडली नाही. दोन छोटे, एक लांब, मग थांबणं. तिने पाठवलं.

हिरवा तसाच राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. आई आता थकली असेल, आपण उशीर केला, असं तिला वाटलं, आणि त्यातही मनाचा एक कोपरा सुटलो म्हणत होता.

मग हिरवा मंद झाला आणि त्या जागी मळकट पिवळा उमटला.

बाबांची मान वर झाली. चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. "आलो गं!" ते ओरडले, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचा तो आवाज, छातीतून आलेला, पुरा. चष्मा काढून ठेवावा तशी त्यांनी नाकाची नळी काढून ठेवली आणि ते उठून उभे राहिले.

आणि तिच्या लक्षात आलं की तीही उभी आहे. लॅपटॉप मांडीवरून कधी घसरला ते कळलं नव्हतं. पाय दाराकडे वळले होते. तिला भीती वाटत नव्हती, दुःखही होत नव्हतं. तिला भूक लागली होती, दिवसभर खेळल्यावर लागते तशी कडकडून. तिने सवयीने बाबांच्या हातात हात दिला. हात गरम होता.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ह्या वेळी ओळखून पाहिलं. त्यांनी तिचा हात हळूच सोडवला, खुर्चीवर तिला बसवलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

"तू नाही गं," ते म्हणाले. "तू खेळ अजून थोडा वेळ. मी सांगतो आईला."

चपला घालायला ते पलंगाच्या कडेला टेकले. एका पायात चप्पल सरकवली. दुसरी तशीच राहिली.

दिवा पुन्हा हिरवा झाला. जमिनीवर पडलेल्या नळीतून हवा फुसफुसत होती. ती बराच वेळ खुर्चीचे हात धरून बसून होती, कारण पाय अजून दाराकडेच ओढत होते. मग तिने फोन उचलला.

"बाकीच्यांना पाठव," ती कंसमामाला म्हणाली. "लगेच पाठव. लोक ताटकळलेत."